पाठपिशवी : बँकॉक, दिवसाला हजार बाथ

गेल्या महिन्यात या पानावर मी जाता जाता लिहिलं होतं, की बँकॉकमध्ये दिवसाला हजार बाथमध्ये (बाथ म्हणजे थायलंडचं चलन) मी राहून-खाऊन-फिरून आले. त्या एका वाक्यावर पत्रांचा गठ्ठा आला. काहींना शंका आहेत, काहींना सरळ खोटं वाटतंय. एका गृहस्थांनी तर 'पावत्या दाखवा' असं लिहिलंय. पावत्या नाहीत, डायऱ्या आहेत. पोस्टाच्या खिडकीमागे चौतीस वर्षं काढलेल्या बाईला रात्री हिशेब जुळल्याशिवाय झोप लागत नाही. चार वेळा गेले, चार डायऱ्या. त्या समोर ठेवूनच लिहितेय.

*मावशी, मी आणि माझा मित्र डिसेंबरात पाच दिवस बँकॉकला जातोय. विमानाची तिकिटं काढून झाली. त्याशिवाय प्रत्येकी वीस हजार रुपये आहेत. मित्र म्हणतो, शहराबाहेर खोली घेऊ, निम्म्यात मिळते. भागेल का? – एक वाचक, सोलापूर*

भागेल, वर चार पैसे उरतील. फक्त मित्राचं ऐकू नकोस. बाहेरची खोली दीडशे बाथने स्वस्त पडते आणि रोज येण्याजाण्यात तेवढेच जातात. शिवाय संध्याकाळी पाच ते आठ या वेळात बँकॉकचा रस्ता काय असतो, ते टॅक्सीत बसून मीटरकडे बघत कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. पहिल्या खेपेला मी हीच चूक केली होती. डायरीत त्या पाच दिवसांचा वाहनखर्च बिछान्याच्या भाड्यापेक्षा जास्त निघालाय.

नदीजवळ राहा. चाओ फ्राया नदी शहराच्या जुन्या भागाला वळसा घालून जाते आणि बघण्यासारखं पुष्कळसं तिच्या काठाशी आहे. फ्रा अथित धक्क्याच्या आसपासच्या गल्ल्यांत वसतिगृहं भरपूर आहेत. खाओ सान रस्ता तिथून चालत पाच-सात मिनिटांवर. 'खाओ सान' म्हणजे कांडून साफ केलेला तांदूळ. एके काळी तिथे तांदळाचा बाजार भरायचा. आता रात्री उशिरापर्यंत नुसता ढणढणाट असतो. बघायला जा, झोपायला जाऊ नकोस. त्या भागाला मेट्रो नाही, ही एक अडचण. मेट्रो हवीच असेल तर हुआ लाम्फोंग ते वात मांगकोन या पट्ट्यात, चायनाटाउनच्या कडेला बिछाना बघ. (वात म्हणजे देऊळ, मांगकोन म्हणजे ड्रॅगन. आपल्या 'मकर' शब्दाचंच ते रूप.)

आता हिशेब. गेल्या जानेवारीतल्या एका दिवसाचं पान जसंच्या तसं उतरवतेय. आठजणींच्या खोलीत बिछाना 380. सकाळी जोक, म्हणजे तांदळाची घट्ट पेज, आलं आणि अंडं घालून, 50. नदीतली नारिंगी झेंड्याची बोट 16. नदी ओलांडायची तर जाऊन-येऊन 10. वात अरुणचं तिकीट 200. दुपारी तुळशीच्या पानांत परतलेलं चिकन आणि भात 60. बर्फ घातलेली कॉफी 35. मेट्रो दोनदा मिळून 60. आंबा आणि चिकट भात 80. रात्री नूडल्स 60. पाण्याची मोठी बाटली 14. नाणी टाकून चालणाऱ्या मशीनवर कपडे धुतले, 40. बेरीज कर : एक हजार पाच. आंबा खाल्ला नसता तर हजाराच्या आत बसलं असतं, पण आंबा खायचाच.

बाथाला साधारण पावणेतीन रुपये धरलेस तर दिवसाचे पावणेतीन हजार, पाच दिवसांचे चौदा हजाराच्या आत. ग्रँड पॅलेसचं तिकीट 500 बाथ, ते वेगळं धर. मोबाइलचं सिम वेगळं. विमानतळावरून येणं-जाणं वेगळं. पण तेही दोनशे बाथच्या वर जायचं कारण नाही. सुवर्णभूमीला उतरलास तर तळघरातून रेल्वे मिळते, शेवटच्या फाया थाई स्थानकापर्यंत 45 बाथ, अर्ध्या तासात. खाओ सानच्या बाजूला दिवसा बसही जाते; मी गेले तेव्हा 60 बाथ होते. डॉन मुआंग या जुन्या विमानतळावर उतरलास तर ए4 नंबरची बस त्याच भागात आणून सोडते. टॅक्सीच करायची वेळ आली तर मीटरने, आणि मीटरवर विमानतळाचे 50 बाथ वेगळे द्यावे लागतात, त्यात फसवणूक नाही.

पैशांचं एक. तिथल्या एटीएममधून परदेशी कार्डाने काढले की दरवेळी दोनशे बाथच्या वर जातात, मग हजार काढ नाहीतर दहा हजार. त्यापेक्षा इथूनच डॉलर ने, शंभराच्या कोऱ्या न दुमडलेल्या नोटा. त्यांना भाव जास्त मिळतो. सुवर्णभूमीला रेल्वे जिथून सुटते त्या तळघरातल्या काउंटरवर भाव बरा असतो, वरच्या मजल्यावर सामानाच्या पट्ट्याशेजारी नसतो. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नकोस. आणि सुटे ठेव. हे मी पोस्टात रोज सांगायचे, इथेही सांगणार.

पासपोर्टच्या रांगेत उभं राहायच्या आधी एक काम घरूनच करायचं असतं. 1 मे 2025 पासून प्रत्येक परदेशी माणसाला डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन. ते फुकट आहे. नेटवर त्याचे पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी पानं आहेत. थाई इमिग्रेशनच्याच संकेतस्थळावर भर. भारतीयांना व्हिसा लागतो की नाही, किती दिवसांचा, हे दोन वर्षांत दोनदा बदललंय, तेव्हा निघायच्या आठवड्यात थाई दूतावासाचं पान बघ, माझं नको.

*आम्ही जैन. कांदा-लसूण नाही, अंडं नाही. थायलंडमध्ये शाकाहारी जेवण मिळत नाही असं सगळे सांगतात. पाच दिवस नुसत्या खाकऱ्यावर काढायचे का? – एक वाचिका, इचलकरंजी*

मी स्वतः सगळं खाते, म्हणून या प्रश्नाचं उत्तर माझ्या धाकट्या बहिणीचं आहे. ती दुसऱ्या खेपेला बरोबर होती. सोवळी नाही, पण माशाच्या वासानेही तिचं डोकं दुखतं.

पहिल्याच दिवशी रस्त्यावरच्या गाड्यावर तिने कच्च्या पपईचं सॅलड मागितलं. 'नो मीट, नो फिश' असं पाच वेळा बजावलं. बाईने हसून मान डोलावली. खलबत्त्यात मिरची, शेंगदाणे, लिंबू, पपई. बहिणीने अर्धं संपवलं, 'काय छान आंबट-खारट लागतंय गं' म्हणाली आणि मग तिची नजर बाटलीवर गेली. बाटलीवर माशाचं चित्र. बाईने फसवलं नव्हतं. तिथे 'नाम प्ला', म्हणजे माशाचं पाणी, हे मिठाच्या जागी असतं. त्याला कोणी मासा म्हणत नाही. जसं आपण वरणात हिंग घातलं तर सांगत बसत नाही. भाज्यांच्या रस्स्यात वाटलेल्या कोळंबीचा 'कापी'ही असतो, तो डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून 'नो मीट' म्हणू नका, 'जे' म्हणा. 'गिन जे', म्हणजे मी 'जे' खाते. चिनी बौद्ध परंपरेतलं ते व्रताचं जेवण. त्यात मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, लसूण-कांदाही नाही. ज्या दुकानात ते मिळतं तिथे पिवळी पाटी किंवा झेंडा आणि त्यावर लाल अक्षरं असतात, आपल्या डोळ्यांना ती इंग्रजीतल्या 17 आकड्यासारखी दिसतात. पिवळ्यावर लाल सतरा शोधायचा, बस. चायनाटाउनमध्ये बरेच मिळतील. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नऊ दिवसांचा 'जे'चा उत्सव असतो, तेव्हा तर रस्तेच्या रस्ते पिवळे होतात. एक लक्षात ठेवा : गाजर-मुळा-बटाटा त्यांना चालतो, आणि मशरूम तर पोटभर असतात. कंदमूळ वर्ज्य असेल तर भांड्यात बघून घ्या.

दुसरा शब्द 'मांगसाविरात'. दोनदा मोठ्याने म्हणा. मांस-विरती! बहिणीला हा शब्द कळला तेव्हा ती भर दुकानात टाळ्या वाजवायला लागली होती. पण यात अंडं आणि कांदा-लसूण चालतो, म्हणून तुमच्यासाठी 'जे'च. गाड्यावर वेगळं सांगायचं असेल तर 'माय साय नाम प्ला', माशाचं पाणी घालू नका. शेवटी बाईने 'खा' लावायचं, पुरुषाने 'ख्राप'. हे आपलं 'हं' नव्हे, 'हो जी'सारखं आहे. ते लावलं की समोरचा माणूस मऊ होतो.

घरची आठवण आलीच तर फाहुरातला जा. कापडबाजार आहे, पंजाब्यांचा जुना वस्तीभाग, मिठाई, चहा, शाकाहारी जेवण. तिथल्या मोठ्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. डोकं झाकायचं, चपला काढायच्या, ताट स्वच्छ करायचं. फुकट जेवण म्हणून टूरवाल्यांनी तिथे गर्दी केलेली मला आवडत नाही. जेवलात तर पेटीत काहीतरी टाका किंवा भांडी घासा.

खाकरे मात्र न्याच. सकाळी सहाला मंदिर बघायला निघायचं असतं तेव्हा सतरा आकडा उघडलेला नसतो.

*माझं वय 47. शिक्षिका आहे. मुलं मोठी झाली, एकटीने कुठेतरी जावं म्हणून बँकॉक ठरवलं. नणंद ऐकून हसली, म्हणाली, 'तिथे बायका जात नाहीत, पुरुष जातात.' एकट्या बाईला तिथे सुरक्षित आहे का? – एक वाचिका, नाशिक*

नणंदबाईंना सांगा, बोटीत, बाजारात, मंदिरात, ऑफिसच्या रांगेत मला तिथे बायकाच दिसतात. गाड्या चालवणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या, बोटीचं भाडं गोळा करणाऱ्या. तुमच्या नणंदेच्या डोक्यात जे बँकॉक आहे ते दोन-चार गल्ल्यांत मावतं. पाटपोंगच्या बाजूला रात्री कोणी हातात छापील कार्ड धरून 'शो, शो' म्हणत आलं तर थांबायचं नाही. वर नेऊन भलं मोठं बिल लावतात. तेवढं सोडलं तर रात्री दहाला एकटी चालत बिछान्यावर परतताना मला जेवढं निर्धास्त वाटलं, तेवढं आपल्याकडच्या काही शहरांत वाटत नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

बिछाना बायकांच्या खोलीतला घ्या, पडदा आणि कुलपाचा कप्पा असलेला. कुलूप स्वतःचं न्या, नाहीतर काउंटरवर विकत घ्यावं लागतं. वरचा बिछाना पन्नास बाथने स्वस्त असला तरी सत्तेचाळिसाव्या वर्षी खालचा. रात्री दोनदा उठावं लागतं, हे त्या बावीस वर्षांच्या पोरींना कळत नाही. कानात घालायचे बोळे न्या. आणि बायकांच्या खोलीत मराठीत फोनवर मोठ्याने बोलू नका. पलीकडच्या बिछान्यावर पुण्याची निघाली होती माझ्या वेळी.

भिक्खूला बाईचा स्पर्श चालत नाही. बोटीत, स्थानकावर त्यांच्यासाठी राखीव जागा असते, तिथे बसू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ग्रँड पॅलेसला तर दारातूनच परत पाठवतात. आपली साधी सलवार-कमीज सगळीकडे चालते.

आणि मसाज घ्या. बिचकू नका. वात फो देवळाच्या आवारातच पारंपरिक थाई मसाजची शाळा आहे. कपडे घालूनच करतात, त्यांचा सैल पायजमा देतात. युनेस्कोने 2019 मध्ये हा मसाज वारशाच्या यादीत घेतलाय, नणंदेला हेही सांगा. गल्लीतल्या दुकानात तासाला अडीचशे-तीनशे बाथपासून मिळतो. दिवसभर चालून आल्यावर तळपायाला अंगठा दाबला की पहिल्यांदा ओरडायला होतं. मग झोप लागते.

*तुम्ही म्हणता बँकॉकचे लोक प्रामाणिक. आम्हाला ग्रँड पॅलेसच्या दाराशी एक सद्गृहस्थ भेटला, म्हणाला, आज पॅलेस बंद. त्याने 20 बाथमध्ये टुकटुक करून दिली, ती तीन दुकानांत फिरवून आणली. सहा हजार बाथ गेले. तुमचा लेख वाचून गेलो होतो. – एक वाचक, पुणे*

तुमचा राग कळला. मीही त्याच टुकटुकमध्ये बसले होते, पहिल्या खेपेला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी, नकाशा हातात. 'आज बुद्धाचा दिवस, दुपारपर्यंत बंद, तोवर तुम्हाला मोठा बुद्ध दाखवतो, सरकारी योजना, फक्त 20 बाथ.' मोठा बुद्ध खरंच दाखवला. मग 'दहा मिनिटं' म्हणून खड्यांच्या दुकानात. मी निळ्या खड्याची अंगठी बाराशे बाथला घेतली. मिरजेच्या सोनाराने ती डोळ्यापाशी नेली, परत दिली आणि म्हणाला, 'बाई, फ्रेम चांगली आहे.' ती अजून घालते. खड्यापेक्षा त्या वाक्यासाठी.

याचा हिशेब साधा आहे. दुकानदार टुकटुकवाल्याला इंधनाचे कूपन आणि विक्रीवर दलाली देतो, म्हणून 20 बाथ परवडतात. बँकॉकमध्ये 20 बाथमध्ये टुकटुक कुठेच जात नाही. पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो आणि तिकीट दुपारी साडेतीनपर्यंत मिळतं. बंद आहे की नाही हे फाटकातल्या गणवेशातल्या माणसालाच विचारायचं, रस्त्यातल्याला नाही. रस्त्यात इंग्रजीत स्वतःहून बोलायला येणाऱ्या थाई माणसाशी मी आता नमस्कार करते आणि चालत राहते. ज्यांनी मला खरी मदत केली त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

प्रामाणिक म्हटलं, ते मागे घेत नाही. दुसऱ्याच दिवशी बोटीत विसरलेली छत्री मला पुढच्या धक्क्यावर परत मिळाली होती.

*मावशी, कॉलेजमधला एक सीनियर माझं बँकॉकचं तिकीट आणि राहण्याचा खर्च करायला तयार आहे. येताना फक्त त्याच्या मित्राची एक ट्रॉली बॅग आणायची. त्यात कपडे आणि खाऊ आहे म्हणतो. जाऊ का? – एक वाचक (गाव लिहू नका)*

नाही.

बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत हायड्रोपोनिक (मातीशिवाय, पाण्यात वाढवलेला) गांजा सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून सारख्या येतात. पकडले जाणारे बहुतेक तुझ्याच वयाचे असतात आणि बहुतेकांचं तिकीट दुसऱ्याने काढलेलं असतं. आपल्याकडच्या कायद्यात एक किलोच्या वर आणि वीस किलोपर्यंत गांजा सापडला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, वीस किलोच्या वर दहा ते वीस. 'आत काय होतं मला माहीत नव्हतं' हे न्यायालयात तुला सिद्ध करावं लागतं, सरकारने नव्हे. त्या सीनियरचं नाव तेव्हा कुठे नसतं.

थायलंडने 2022 मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला होता, म्हणून तिथे हिरव्या पानाच्या पाट्या लावलेली दुकानं दिसतात. 2025 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी आहे. तिथे काय चालतं याचा इथल्या कस्टमशी संबंध नाही. आणि ई-सिगारेट तिथे मुळातच बेकायदा आहे, तीही नेऊ नकोस.

तुझं पत्र मी फाडून टाकलंय. घरात कुणाला सांगता येत नसेल तर तुझ्या एखाद्या सरांना सांग. सीनियरला कारण द्यायची गरज नाही; पासपोर्ट सापडत नाही म्हण.

*वडील 72 वर्षांचे, वारकरी आहेत. त्यांना बँकॉकला न्यायचं तर दाखवायचं काय? 'बुद्धाची देवळं बघून काय करू' म्हणतात. – एक वाचक, पंढरपूर*

त्यांना पाट्या वाचायला लावा. विमानतळ सुवर्णभूमी. शहराचं थाई नाव क्रुंग थेप महा नाखोन, त्यातला थेप म्हणजे देव, महा नाखोन म्हणजे महानगर. आकाशरेल्वेचं एक स्थानक राछाथेवी, राजदेवी. एप्रिलातला पाणी उडवायचा सण सोंगक्रान, तो संक्रांत. देवाला घालायचा हार 'मालाय'. पाक ख्लोंग तलात या फुलबाजारात पहाटे जा. झेंडूचे ढीग बघून त्यांना पंढरपुरातच आहोत असं वाटेल. हा बाजार रात्रभर चालू असतो आणि बघायला पैसा पडत नाही.

ग्रँड पॅलेसच्या आवारातल्या ओवऱ्यांच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय, 178 चित्रं. त्यांच्या रामायणाचं नाव रामाकियेन, रावणाचं नाव थोत्साकान, म्हणजे दशकंठ. हनुमान पांढराशुभ्र आहे. एक सावधगिरी : त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला रंगेल आहे. जलपरीच्या चित्रापाशी वडिलांना फार वेळ उभं करू नका, किंवा करा, तुमचं तुम्ही ठरवा.

हुआय ख्वांगच्या मेट्रो स्थानकाबाहेर चौकातच गणपती आहे. थाई लोक त्याला फ्रा फिकानेत म्हणतात, त्यातला फिकानेत म्हणजे विघ्नेश. रात्री ऑफिस सुटल्यावर पोरी उंच टाचांचे बूट काढून त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसतात. सिलोमला तमिळ लोकांनी बांधलेलं मारिअम्मन देवीचं देऊळ आहे. जुन्या शहरात लाल सागवानी खांबांचा उंच झोका आहे, साओ छिंग छा. त्यावर झोके घेण्याचा विधी 1935 मध्ये बंद झाला. झोक्याच्या शेजारच्या देवस्थानात राजदरबारचे ब्राह्मण अजून पूजा करतात. हे सगळं मेट्रोने आणि चालत होतं. फक्त दुपारी अकरा ते तीन त्यांना उन्हात काढू नका. एखाद्या मॉलच्या फूड कोर्टात बसवा. तिथे आधी कार्डात पैसे भरायचे, उरलेले परत मिळतात, आणि थंडगार असतं.

एक दिवस जास्त असेल तर अयुत्थयाला न्या. अयोध्येवरून ठेवलेलं नाव. 1350 पासून चारशे वर्षं राजधानी होती, 1767 मध्ये बर्मी सैन्याने जाळली. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने गेलात तर वीस-एक बाथमध्ये, दीड-दोन तास, उघड्या खिडक्या, वर पंखे आणि डब्यात टोपली घेऊन चढणाऱ्या विक्रेत्या बायका. पंढरपूर-मिरज गाडी आठवेल. वात महाथातला झाडाच्या मुळ्यांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक आहे. त्याच्याबरोबर फोटो काढायचा तर गुडघ्यांवर बसावं लागतं, डोकं त्याच्यापेक्षा खाली. हे मात्र वारकऱ्याला सांगावं लागणार नाही.

*छोटे प्रश्न, एकत्र*

चार्जरला अडॅप्टर लागतो का? आपली दोन पिनांची पिन बसते, वीज 220 व्होल्ट. तीन पिनांची मोठी बसत नाही. – शौचालयात पाणी असतं का? असतं, नळीचा फवारा, आपल्यासारखाच. युरोप फिरून आलेल्यांना हे वाचून रडू येईल. – पाणी कुठलं प्यायचं? नळाचं नको. गल्लीबोळांत पाण्याची मशीन असतात, एका बाथला साधारण लिटर; बाटली जपून ठेवा. – सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्थानकावर सगळे एकदम का थांबतात? राष्ट्रगीत. तुम्हीही थांबा. राजाबद्दल विनोद करू नका, तुरुंग आहे. पडलेली नोट पायाने अडवू नका, तिच्यावर राजाचं चित्र आहे. – किती किलोची सॅक? बऱ्याच स्वस्त विमानांत हातसामान सात किलो. माझी साडेसहा भरते, त्यात अर्धा किलो शेंगदाण्याची चटणी.

*मी निवृत्त आहे, पोहता येत नाही. तुम्ही लिहिलेल्या कालव्याच्या बोटीत बसायची इच्छा आहे, पण भीती वाटते. – एक वाचक, कुडाळ*

कोकणातला माणूस आणि पाण्याला भितो, हे मला आवडलं. सेन सेप कालव्याची बोट म्हणजे सहलीची बोट नव्हे, ती तिथली लोकलगाडी. जुन्या शहराच्या बाजूने निघते, प्रातुनामला बोट बदलायची, तिथून पुढे शहराच्या पूर्वेला. वर रस्त्यावर गाड्या खिळून उभ्या असतात आणि खाली तुम्ही घरांच्या मागच्या दारांवरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून, पुलांच्या पोटाखालून सुसाट जाता. पूल ठेंगणे आहेत, म्हणून काही बोटींचं छप्परच खाली घेता येतं. पाणी काळं आहे, वास आहे. तेही शहरच.

मधल्या बाकावर बसा, कडेला नको. कडेला बसलात तर प्लास्टिकचा पडदा वर ओढायची दोरी तुमच्या हातात येते आणि समोरून बोट आली की ती वेळेवर ओढायची जबाबदारीही. मी पहिल्यांदा कडेला बसले, दोरी कशाची ते माहीत नव्हतं. माझ्यासकट मागच्या तीन रांगा भिजल्या. कोणी काही बोललं नाही. माझ्या शेजारच्या आजीने पदराएवढा रुमाल काढला, आधी माझा चष्मा पुसला, मग स्वतःचं तोंड, आणि उरलेला प्रवासभर दोरी स्वतःकडे ठेवली.

धक्क्याला बोट टेकते-न टेकते तोच लोक उड्या मारतात. तुम्ही घाई करू नका. उठून उभे राहा, खांब धरा, कंडक्टरकडे बघा, तो थांबवतो. भाडं घ्यायला तो हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून दोरीला धरून चालत येतो. त्या कसरतीत त्याला शंभराची नोट मोडायला लावू नका. सुटे वीस बाथ वरच्या खिशात ठेवा.